वेळापत्रकातल्या मोकळ्या तासाचं विज्ञान

जानेवारी संपत आला की बहुतेक शाळांत तासांची देवघेव सुरू होते. पीटीचा तास गणिताला जातो, चित्रकलेचा इंग्रजीला, कार्यानुभवाचा विज्ञानाला. मुलं कुरकुरतात, चित्रकलेच्या बाई समजुतीने बाजूला होतात आणि पोर्शन पूर्ण होतो. उजळणीसाठी एखादा तास राखून ठेवला असलाच, तर सगळ्यांत आधी तो जातो. त्या तासाला नवीन काही शिकवायचं नसतं, मग तो गेला तर बिघडलं काय?

बिघडतं ते असं. हर्मान एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने विसरण्याचं मोजमाप 1885 साली प्रसिद्ध केलं. प्रयोग त्याने स्वतःवरच केले. निरर्थक अक्षरगटांच्या याद्या तो पाठ करायचा आणि काही काळाने तीच यादी नव्याने पाठ करायला किती कमी वेळ लागतो, ते मोजायचा. वाचलेला वेळ म्हणजे डोक्यात उरलेला भाग, असा त्याचा हिशेब. वीस मिनिटांनंतर 58 टक्के वेळ वाचत होता, तासाभराने 44, एका दिवसाने 34 आणि महिन्याने 21 टक्के. म्हणजे खरी घसरण पहिल्या दिवसातच होते, पुढे ती मंदावते. अ‍ॅमस्टरडॅमच्या दोन संशोधकांनी हा प्रयोग पुन्हा केला, त्याचे निष्कर्ष 2015 मध्ये आले आणि आलेख जवळजवळ तसाच निघाला. इतिहासाचा धडा काही निरर्थक अक्षरांची यादी नसतो, त्यामुळे तो इतक्या वेगाने पुसला जात नाही. पण आलेखाची दिशा तीच.

एबिंगहाऊसचं दुसरं निरीक्षण शाळेच्या जास्त कामाचं आहे. एका बैठकीत 68 वेळा घोकून जे साधत होतं, ते तीन दिवसांत वाटून केलेल्या 38 आवर्तनांतच साधलं. मेहनत जवळपास निम्मी, फळ तेवढंच. आवर्तनांमध्ये अंतर किती ठेवावं, याचाही पुढे शोध घेतला गेला. तेराशेहून अधिक लोकांवरचा एक मोठा अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार परीक्षा आठवड्यावर असेल तर उजळणी एक-दोन दिवसांनी केलेली बरी. वर्षभराने आठवायचं असेल तर साधारण तीन-चार आठवड्यांचं अंतर फायद्याचं. आपल्याकडे जूनमध्ये शिकवलेला अपूर्णांकांचा धडा घटक चाचणीनंतर एकदम मार्चमध्ये उगवतो. तो जुलैत आणि मग पुन्हा दिवाळीच्या आगेमागे भेटला, तर मार्चमधली धावपळ बरीच कमी होईल.

या तासाला नेमकं करायचं काय, तेही महत्त्वाचं. बाई धडा पुन्हा समजावून सांगतात, कळलं ना म्हणून विचारतात, वर्ग एका सुरात हो म्हणतो, आणि सगळ्यांना उजळणी झाल्याचं समाधान मिळतं. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिकी यांनी 2006 मध्ये या समाधानाची परीक्षाच घेतली. विद्यार्थ्यांनी एक उतारा वाचला. मग काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी तो न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, 81 विरुद्ध 75 टक्के. आठवड्यानंतर मात्र पारडं फिरलं. वाचणाऱ्यांना 42 टक्के आठवत होतं, आठवून लिहिणाऱ्यांना 56. तेव्हा उजळणीच्या तासाला पुस्तकं दप्तरात आणि कोरा कागद बाकावर. गुण द्यायचे नाहीत, वहीत लाल शाईही नको.

पण ज्याला धडा मुळात कळलाच नव्हता, तो आठवणार काय? मागे पडलेल्या मुलाचा प्रश्न स्मृतीच्या आधीचा आहे, आणि त्याचा सगळ्यांत चांगला पुरावा भारतातूनच आला आहे. 2001 ते 2003 या काळात मुंबई आणि वडोदऱ्याच्या पालिका शाळांत ‘प्रथम’ संस्थेचा बालसखी उपक्रम पारखून पाहिला गेला. तिसरी-चौथीतली वीसेक मागे पडलेली मुलं रोज साधारण दोन तास वर्गाबाहेर घेऊन बसायची आणि त्यांच्याकडून पहिली-दुसरीचं वाचन-गणित पक्कं करून घ्यायचं. शिकवणारी असायची वस्तीतलीच दहावी-बारावी झालेली मुलगी. प्रशिक्षण दोन आठवड्यांचं, मानधन महिना पाचशे ते साडेसातशे रुपये. मुलांची प्रगती स्पष्ट दिसली. गंमत म्हणजे वीस मुलं बाहेर गेल्याने मूळ वर्गाची गर्दी कमी झाली, तरी तिथे उरलेल्यांना त्याचा फारसा फायदा झाला नाही. बाहेर गेलेली पुढे सरकली ती त्यांच्या पातळीचं शिकवणं मिळाल्यामुळे. हा अभ्यास करणाऱ्यांमधले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो 2019 च्या अर्थशास्त्राच्या नोबेलचे मानकरी.

पुढे हीच पद्धत सरकारी शिक्षकांच्या हाती द्यायची ठरली आणि तिथे गाडी अडली. बिहारमध्ये शिक्षकांना प्रशिक्षण दिलं, साहित्य दिलं. शाळेच्या दिवसांत परिणाम शून्य. पण तिथल्याच सरकारी शिक्षकांनी जून 2008 मध्ये महिनाभराची उन्हाळी शिबिरं घेतली, तेव्हा मुलं चांगली सुधारली. म्हणजे शिक्षकांना येत नव्हतं असं नाही. शिबिरात पाठ्यपुस्तक संपवायचं नव्हतं, एवढाच फरक. हरियाणात 2012-13 मध्ये यावरून धडा घेतला गेला. तिथे शाळेचा दिवस आधीच एका तासाने वाढवलेला होता. निवडक शाळांत तो तास फक्त हिंदीच्या या कामासाठी राखला, तिसरी ते पाचवीच्या मुलांची इयत्ता बाजूला ठेवून पातळीनुसार गट केले, आणि पर्यवेक्षक तो तास होतोय का ते बघू लागले. मुलांचं हिंदी सुधारलं. इतर शाळांतही दिवस तेवढाच लांबला होता, म्हणजे नुसता जादा वेळ हे काही त्यामागचं कारण नव्हे. माझ्या मते या सगळ्या संशोधनातला सर्वांत उपयोगी निष्कर्ष हाच आहे. वेळ मिळेल तेव्हा करू म्हटलेलं काम शाळेत होत नाही. त्याचा टोल वाजावा लागतो.

शिक्षकांना दोष देण्याआधी शिक्षण हक्क कायद्याचं 24 वं कलम वाचावं. संपूर्ण अभ्यासक्रम ठरलेल्या मुदतीत पूर्ण करणं हे त्यात शिक्षकाचं कर्तव्य म्हणून लिहिलं आहे. लगेच पुढच्या ओळीत प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासून गरजेप्रमाणे जादा शिकवणं, हेही कर्तव्यच आहे. पण पोर्शन किती झाला, ते तपासणीच्या वेळी वहीत दिसतं आणि कोण किती मागे राहिलं, ते दिसत नाही. मग पहिली ओळ सगळ्यांच्या तोंडपाठ होते.

राहता राहिली विश्रांती. तिच्याकडे बक्षीस म्हणून पाहायची आपल्याला सवय आहे: नीट बसलात तर पाच मिनिटं आधी सोडते. नव्या आठवणी पक्क्या व्हायला काही काळ लागतो आणि तेवढ्यात दुसरं काही शिकलं तर त्यात अडथळा येतो, हे जर्मनीतल्या ग्योटिंगेनच्या म्युलर आणि पिल्झेकर या मानसशास्त्रज्ञांनी 1900 मध्येच मांडलं होतं. 2012 मधल्या एका प्रयोगात वयस्कर लोकांना दोन छोट्या गोष्टी ऐकवल्या. एकीनंतर दहा मिनिटं अंधाऱ्या खोलीत स्वस्थ बसायचं, दुसरीनंतर तेवढाच वेळ कॉम्प्युटरवर दोन चित्रांतला फरक शोधायचा. सात दिवसांनंतरही पहिली गोष्ट जास्त चांगली आठवत होती. माणसं साठीच्या पुढची होती, त्यामुळे तो निष्कर्ष जसाच्या तसा पाचवीच्या वर्गावर लादू नये. मुलांबद्दलची आकडेवारी डेन्मार्कमधून मिळते. तिथल्या 8 ते 15 वर्षांच्या मुलांच्या सुमारे 20 लाख चाचण्या तपासल्या तेव्हा दिसलं, की दिवस जसा चढतो तसे गुण तासागणिक थोडे घसरतात. पण चाचणीआधी 20-30 मिनिटांची सुट्टी झाली असेल तर एका तासाची घसरण भरून निघते, वर थोडी वाढही मिळते. परिणाम लहान आहे, पण फुकटचा आहे.

फिनलंडमध्ये 45 मिनिटांच्या तासानंतर 15 मिनिटांची सुट्टी ही रोजची रीत आहे. आपल्याकडे पस्तीस मिनिटांच्या तासिका एकाला एक चिकटून येतात. गणिताचे सर बाहेर पडायच्या आत इतिहासाच्या बाई दारात उभ्या. दोन पाळ्यांच्या शाळेला फिनलंडची ऐपत नाही, हे खरं. पण शनिवारच्या सकाळच्या शाळेतल्या दोन तासिका सलग जोडता येतात. एकीत महिन्यापूर्वीचं आठवून लिहायचं. दुसरीत कागदावर ज्यांचं अडलं ते गटाने बाईंजवळ आणि बाकीचे मैदानावर. आणि रोजच्या तासाला शेवटची तीन मिनिटं खडू खाली ठेवून वर्ग नुसता बसू द्यायचा. त्या तीन मिनिटांत फळ्यावर गृहपाठ लिहून द्यायचा नाही, एवढं पथ्य पाळलं म्हणजे झालं.