तेलासाठी जमिनीत गेलेला कार्बन

तेलविहीर आटली म्हणतात तेव्हा खालचे तेल संपलेले नसते. सुरुवातीला साठ्यातल्या नैसर्गिक दाबाने तेल वर येते. दाब ओसरला की काही विहिरींतून पाणी आत सोडून उरलेले तेल बाकीच्या विहिरींकडे ढकलले जाते. हे दोन्ही टप्पे संपले तरी मुळातल्या तेलापैकी निम्म्याहून अधिक, पुष्कळ ठिकाणी जवळपास दोनतृतीयांश तेल खडकातच राहते. पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नसल्यामुळे पाणी सोप्या वाटांनी पुढे सरकते आणि केसाएवढ्या बारीक छिद्रांतले तेलाचे थेंब जागच्या जागी अडकून बसतात. हवामान बदलावरचा उपाय म्हणून आज कार्बन डायऑक्साइड जमिनीत पुरण्याच्या ज्या तंत्राची चर्चा होते, ते या अडकलेल्या तेलाच्या शोधातून जन्माला आले. हा जन्म लक्षात घेतल्याशिवाय त्याच्याभोवतीचा आजचा वाद नीट कळत नाही.

१९५२ मध्ये अमेरिकेतल्या अटलांटिक रिफायनिंग कंपनीच्या व्हॉर्टन, ब्राउनस्कोम्ब आणि डाइज या संशोधकांना कार्बन डायऑक्साइडच्या मदतीने तेल काढण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळाले. कल्पनेचा आधार या वायूच्या एका खास गुणात आहे. तापमान ३१ अंश सेल्सिअसच्या वर आणि दाब वातावरणाच्या साधारण ७३ पटींच्या वर गेला की तो ना धड वायू राहतो, ना धड द्रव. त्याची घनता द्रवासारखी होते, पण बारीक छिद्रांत शिरण्याची क्षमता वायूची राहते. जमिनीखाली साधारण ८०० मीटरच्या पुढे ही स्थिती आपसूकच मिळते. अशा अवस्थेत तो हलक्या तेलाला भिडला की तेलातले हलके घटक उचलतो, स्वतः तेलात विरघळतो, आणि पुरेसा दाब असेल तर दोघांमधली सीमाच नाहीशी होते. तेल फुगते, पातळ होते आणि वाहू लागते. पुरेसा म्हणजे किती, हे प्रत्येक तेलावर अवलंबून असते. जड, चिकट तेलात संपूर्ण मिश्रण होत नाही, तरी फुगणे आणि पातळ होणे याचा फायदा मिळतो. तुर्कस्तानातल्या बाती रमान क्षेत्रात १९८६ पासून हेच केले गेले.

पेटंटनंतर प्रत्यक्ष वापराला वीस वर्षे गेली. १९६४ मध्ये टेक्सासमधल्या मीड स्ट्रॉन क्षेत्रात छोटी चाचणी झाली. मोठी सुरुवात मात्र जानेवारी १९७२ मध्ये, त्याच राज्यातल्या स्करी काउंटीत झाली. १९४८ मध्ये सापडलेले केली-स्नायडर हे तिथले क्षेत्र प्राचीन प्रवाळ खडकात दडलेले. अनेक मालकांनी एकत्र येऊन ते एकच क्षेत्र म्हणून चालवले आणि त्या समितीच्या आद्याक्षरांवरून ते 'सॅक्रॉक' नावाने ओळखले जाते. १९५४ पासून तिथे पाणी सोडले जात होते. आता त्यात कार्बन डायऑक्साइडची भर पडली. दक्षिणेकडच्या व्हाल व्हर्डे खोऱ्यात नैसर्गिक वायू शुद्ध करणारे कारखाने होते. शुद्धीकरणात वेगळा झालेला कार्बन डायऑक्साइड ते हवेत सोडून देत. तोच गोळा करून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास लांबीच्या पाइपलाइनने सॅक्रॉकला आणला गेला. म्हणजे पहिल्याच मोठ्या प्रकल्पात, वातावरणाचा विचार कोणाच्याही मनात नसताना, एरवी हवेत गेला असता असा वायू जमिनीत गेला.

हे चित्र पुढे टिकले नाही. १९७३ आणि १९७९ च्या तेलसंकटांनी तेलाचे भाव चढले. अमेरिकेने १९८० मध्ये तेल कंपन्यांच्या वाढीव नफ्यावर कर बसवला, पण अशा जादा उपायांनी काढलेल्या तेलाला कमी दर लावला. जुन्या क्षेत्रांत पैसा घालणे एकदम परवडू लागले, आणि कारखान्यांतून मिळणारा वायू अपुरा पडू लागला. मग नजर वळली ती कोलोरॅडोतल्या मॅकएल्मो डोम आणि शीप माउंटन, न्यू मेक्सिकोतल्या ब्राव्हो डोम या नैसर्गिक साठ्यांकडे. तिथे जवळजवळ शुद्ध कार्बन डायऑक्साइड लाखो वर्षांपासून घट्ट खडकाखाली कोंडलेला होता. तो विहिरी खणून बाहेर काढला गेला. मॅकएल्मो डोमपासून पश्चिम टेक्सासमधल्या डेन्व्हर सिटीपर्यंत ८०० किलोमीटरची कोर्टेझ पाइपलाइन १९८४ मध्ये सुरू झाली. १९८६ मध्ये तेलाचे भाव कोसळले, पण पाइपलाइनवरचा खर्च आधीच होऊन गेला होता, म्हणून हा व्यवहार चालू राहिला.

या सगळ्या इतिहासातला हा टप्पा मला सर्वांत निर्णायक वाटतो. आधीच सुरक्षित पुरलेला कार्बन उकरून दुसरीकडे पुरणे, आणि त्या बदल्यात नवे तेल वर आणणे, यात हवेचा काडीचाही लाभ नाही. तरीही पुढे कित्येक दशके अमेरिकेत या कामासाठी वापरलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी ७० टक्क्यांहून अधिक भाग अशाच नैसर्गिक साठ्यांतून येत राहिला. "आम्ही पन्नास वर्षे कार्बन जमिनीत साठवत आहोत" असे तेल उद्योग सांगतो तेव्हा हे आठवले पाहिजे.

तेलक्षेत्राच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइड हा विकत घेतलेला माल असतो. तो आत सोडला की काही भाग खडकात अडकतो, काही पाण्यात आणि उरलेल्या तेलात विरघळतो, आणि बराचसा तेलाबरोबर पुन्हा वर येतो. वर आलेला वायू वेगळा काढून, दाबून परत खाली पाठवला जातो. अशा फेऱ्या होत होत विकत घेतलेल्या वायूतला बहुतेक भाग शेवटी खालीच राहतो, हे खरे आहे. पण बॅरलमागे जितका कमी वायू लागेल तितका चालकाचा नफा जास्त. म्हणूनच वायू आणि पाणी आलटून पालटून सोडण्याची पद्धत रुळली: पाण्याने वायूला सोप्या वाटेने पळू न देता खडकभर पसरवायचे आणि वायूची बचत करायची. साठवणूक हाच हेतू असेल तर उलट वागावे लागेल, बॅरलमागे जमेल तितका वायू खाली ठेवावा लागेल. एकाच विहिरीतल्या या दोन हेतूंची ओढ परस्परविरुद्ध आहे, आणि त्यातली कुठली जिंकणार हे बहुतेक वेळा सरकारी करांनी आणि सवलतींनी ठरवले आहे.

हवामानासाठी कार्बन पकडून दूर ठेवावा हा विचार वेगळ्या वाटेने आला. १९७७ मध्ये इटालियन शास्त्रज्ञ चेझारे मार्केट्टी यांनी वीजकेंद्रांतला कार्बन डायऑक्साइड पकडून समुद्राच्या खोल बुडणाऱ्या प्रवाहात सोडण्याची कल्पना मांडली. समुद्राचा पर्याय मागे पडला, पकडून ठेवण्याची कल्पना उरली. तिला पहिले औद्योगिक रूप नॉर्वेत मिळाले. नॉर्वेने १९९१ मध्ये कार्बन कर लावला आणि तो समुद्रातल्या तेल-वायू क्षेत्रांनाही लागू केला. स्लाइप्नर क्षेत्रातल्या नैसर्गिक वायूत सुमारे ९ टक्के कार्बन डायऑक्साइड होता. विकण्याआधी तो काढावाच लागे, आणि हवेत सोडला तर कर भरावा लागे. स्टॅटऑइल कंपनीने १९९६ पासून तो समुद्रतळाखाली ८०० ते १,००० मीटरवरच्या उत्सिरा नावाच्या खारट पाणी भरलेल्या वालुकाश्मात सोडायला सुरुवात केली, वर्षाला सुमारे १० लाख टन. इथून तेलाचा एक थेंबही काढायचा नव्हता. कंपनांच्या साहाय्याने ठराविक काळाने घेतलेल्या भूगर्भाच्या प्रतिमांत तो वायू थराथरांतून कसा पसरत गेला हे जगाला पाहता आले. साठवणुकीवरचा विश्वास या प्रतिमांनी जितका वाढवला तितका कुठल्याही जाहिरातीने वाढला नसता.

नॉर्वेतही तेलाचा मोह झालाच. २००६ मध्ये स्टॅटऑइल आणि शेल यांनी वीजकेंद्रातला कार्बन ड्राउगेन आणि हाइद्रुन या क्षेत्रांत तेलासाठी वापरण्याची योजना जाहीर केली. हिशेब जुळेना, म्हणून पुढच्याच वर्षी ती सोडून दिली.

दोन्ही वाटा पहिल्यांदा गंभीरपणे एकत्र आल्या त्या कॅनडातल्या वेबर्नमध्ये. सस्कॅचेवान प्रांतातल्या १९५४ साली सापडलेल्या या क्षेत्रात २००० पासून अमेरिकेच्या नॉर्थ डकोटातल्या कोळशापासून वायू बनवणाऱ्या कारखान्याचा कार्बन डायऑक्साइड येऊ लागला, सीमा ओलांडून ३०० किलोमीटरहून अधिक अंतरावरून. हेतू तेलाचाच होता, पण आंतरराष्ट्रीय संशोधकांचा गट २०१२ पर्यंत तिथे मोजमापे घेत राहिला. खालचे पाणी, माती, जुन्या विहिरींचे सिमेंट, सगळे तपासले गेले. २००५ मध्ये आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक शास्त्रज्ञगटाने या विषयावर विशेष अहवाल काढला. नीट निवडलेल्या आणि नीट सांभाळलेल्या जागी साठवलेल्या कार्बनपैकी ९९ टक्क्यांहून अधिक १,००० वर्षांनंतरही खालीच असण्याची शक्यता आहे, असे त्यात म्हटले होते. 'नीट निवडलेल्या' या अटीचे वजन मोठे आहे. तेलक्षेत्राला घट्ट झाकण असते हे तिथे तेल टिकले यावरूनच सिद्ध होते, पण त्याच झाकणाला माणसाने दशकानुदशके विहिरींची भोके पाडलेली असतात.

त्यानंतरची कहाणी मुख्यतः पैशाची आहे. अमेरिकेने २००८ मध्ये '४५ क्यू' ही करसवलत आणली: नुसत्या साठवणुकीसाठी टनाला २० डॉलर, तेलासाठी वापरल्यास १०. २०१८ मध्ये हे आकडे ५० आणि ३५ झाले, २०२२ मध्ये ८५ आणि ६०. तेल विकून पैसे मिळतातच, म्हणून त्याला सवलत कमी, हा त्यामागचा साधा न्याय होता. २०१४ मध्ये सस्कॅचेवानमधल्या बाउंडरी डॅम या कोळशाच्या वीजकेंद्रात आणि २०१७ मध्ये टेक्सासमधल्या कोळशाच्या वीजकेंद्रावरच्या पेट्रा नोव्हा प्रकल्पात कार्बन पकडणे सुरू झाले. दोन्हींकडचा वायू मुख्यतः तेलक्षेत्रांना जात होता. २०२० मध्ये तेलाचे भाव पडताच पेट्रा नोव्हा बंद ठेवला गेला, २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला. कार्बन पकडणारे यंत्र चालायचे की नाही हे तेलाच्या भावावर ठरणे, यापेक्षा या जोडणीची कमजोरी दाखवणारे दुसरे उदाहरण मला सापडत नाही.

आता बेरीज-वजाबाकी. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार अमेरिकेत या पद्धतीने काढलेल्या बॅरलमागे ३०० ते ६०० किलो कार्बन डायऑक्साइड जमिनीत जातो. तेच बॅरल जाळल्यावर साधारण ४०० किलो बाहेर पडतो, आणि काढणे, शुद्ध करणे, वाहून नेणे यांत सरासरी आणखी १००. नैसर्गिक साठ्यातला वायू वापरला तर जमिनीत गेलेला आकडा हिशेबात धरताच येत नाही. वीजकेंद्रातला वापरला तर धरता येतो, पण मग तोच टन वीजकेंद्राने "आम्ही वाचवला" आणि तेल कंपनीनेही "आमचे तेल स्वच्छ" असे दोनदा मोजायचा नाही. या एका नियमावर बहुतेक जाहिराती गळून पडतात.

वाहतुकीचा धोकाही आता कागदावरचा राहिलेला नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये मिसिसिपीतल्या सटार्शिया गावाजवळ पाइपलाइन फुटली. हवेपेक्षा जड असलेला वायू जमिनीलगत पसरला, गाड्यांची इंजिने बंद पडली, ४५ जणांना रुग्णालयात न्यावे लागले. तिथला वायू तेलक्षेत्रांसाठीच चालला होता.

नुसत्या साठवणुकीची वाट दरम्यान पुढे सरकली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये नॉर्वेच्या नॉर्दर्न लाइट्स प्रकल्पाने ब्रेविकच्या सिमेंट कारखान्यातला कार्बन जहाजाने आणून समुद्रतळाखाली सुमारे २,६०० मीटरवर सोडला. त्याच वर्षी अमेरिकेने उलट पाऊल टाकले. नव्या कायद्याने तेलासाठी वापरलेल्या आणि नुसत्या साठवलेल्या कार्बनची सवलत सारखीच केली, टनाला ८५ डॉलर. विहिरींचे नियम मात्र सारखे नाहीत. अमेरिकेत २०१० पासून साठवणुकीच्या विहिरींसाठी वेगळा वर्ग आहे, आणि त्यात वायू सोडणे थांबल्यानंतरही साधारण ५० वर्षे देखरेख अपेक्षित आहे. तेल काढण्याच्या विहिरी जुन्या, सौम्य नियमांखाली येतात. सवलत तीच आणि बंधने कमी असतील तर पुढचा कार्बन कुठल्या विहिरीत जाईल, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.