सांगोवांगीचे रस्ते

'सायबर कवच' हा शब्द वर्तमानपत्रात दिसला की मला थोडं हसू येतं. कवच आपल्या अंगावर असतं. पण एक वार असा आहे की तो आपल्याला शिवतही नाही. आपला पत्ता विचारणाऱ्यांना परस्पर भलतीकडे धाडतो.

२४ फेब्रुवारी २००८. पाकिस्तान सरकारने यूट्यूब बंद करायला सांगितलं होतं. पाकिस्तान टेलिकॉमने ते देशापुरतं करायचं, तर 'यूट्यूबचे हे पत्ते आमच्याकडे' असं बाहेरही कळवलं. हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यू या दूरसंचार कंपनीने तो निरोप न तपासता पुढे सरकवला. यूट्यूबचे सर्व्हर ठणठणीत, आणि तरी जगात बहुतेक ठिकाणी यूट्यूब दोनेक तास गायब.

इंटरनेट म्हणजे हजारो स्वतंत्र नेटवर्कं. कुठला पत्ता कुणाकडे, हे ती एकमेकांना बीजीपी नावाच्या प्रोटोकॉलने सांगतात, आणि मूळ रचनेत सांगणारा खरंच बोलतोय असं धरलेलं आहे. सगळा कारभार सांगोवांगी. पण यूट्यूबही आपले पत्ते जाहीर करत होतंच की! मग खोटं का जिंकलं?

यूट्यूबची घोषणा होती २०८.६५.१५२.०/२२. पत्त्याचे एकूण बिट (० किंवा १ असे अंक) ३२, त्यातले पहिले २२ पक्के. उरले १०, म्हणजे २ चा दहावा घात : १०२४ पत्ते. पाकिस्तानची घोषणा २०८.६५.१५३.०/२४. उरले ८ बिट, म्हणजे २५६ पत्ते, त्याच १०२४ मधले. दोन्ही घोषणा लागू पडत असतील तर जिचे जास्त बिट पक्के तीच घ्यायची, हा राउटरचा, म्हणजे वाट ठरवणाऱ्या यंत्राचा नियम. नियम वेडगळ नाही. नुसतं गाव सांगणाऱ्यापेक्षा गल्ली सांगणाऱ्याचं आपणही ऐकतो. ८० मिनिटांनी यूट्यूबने स्वतःही /२४ जाहीर केलं. झाली नुसती बरोबरी. आणखी ११ मिनिटांनी त्याच २५६ पत्त्यांचे /२५ असे दोन तुकडे केले. आता यांची गल्ली जास्त बारीक!

एप्रिल २०१० मध्ये चायना टेलिकॉमने सुमारे १८ मिनिटं इतरांचे हजारो पत्ते-गट आपले म्हणून जाहीर केले. 'जगाची १५ टक्के वाहतूक चीनने वळवली' अशी बोंब उठली. १५ टक्के होते पत्ते-गट; वाहतूक त्याहून पुष्कळ कमी. टक्केवारी दिसली की ती कशाची, हे आधी विचारावं. ती चूक होती की डाव, यावर वाद झाला. राउटरला दोन्ही सारखेच दिसतात.

यावरचा उपाय आरपीकेआय. 'हा गट अमुक नेटवर्कच जाहीर करील, इतक्या बिटांपर्यंतच' असं मालक डिजिटल सही करून नोंदवतो. मेख अशी, की सही आपण करायची आणि ती तपासायची दुसऱ्यांच्या राउटरांनी, बरेचसे परदेशातले. त्यांनी तपासलीच नाही तर आपली सही नुसती पडून राहते. शिवाय तपासलं जातं ते फक्त रस्त्याचं शेवटचं टोक, म्हणजे गट कुणाचा म्हणून सांगितलाय एवढंच. टोकाला खऱ्या मालकाचं नाव ठेवून मधेच स्वतःला घुसवणारा या तपासणीतून सुटतो. आणि मालकाने जाहीर /२२ करून नोंदीत मात्र 'चालेल /२४ पर्यंत' असं ढिलं लिहिलं असेल, तर त्या घुसखोराला ती बारीक गल्लीही आयती मिळते, सहीसकट.