जोड कोण लावतो: बॉक्सर, प्रशिक्षक आणि प्रमोटर या तीन भूमिकांची पार्श्वभूमी

मी पंधरा वर्षांचा असताना माझं नाक मोडलं. ज्या बाउटमध्ये, म्हणजे बॉक्सिंगच्या लढतीत, मोडलं ती आमच्या बॉक्सिंगच्या सरांनीच लावली होती.

ठरलेला मुलगा आयत्या वेळी आला नाही. दुसऱ्या क्लबचा एक मुलगा तयार झाला. मैदानापलीकडच्या किराणा दुकानातल्या काट्यावर त्याचं वजन केलं, तर ते माझ्यापेक्षा सहा किलो जास्त भरलं. सर काट्याकडे बघत थोडा वेळ तसेच उभे राहिले. मंडप घातलेला होता, रिंग भाड्याने आणलेली होती, कार्यक्रमपत्रिका छापून झाली होती, पाहुणे पहिल्या रांगेत येऊन बसले होते. मग ते माझ्याजवळ आले, हाताची पट्टी सोडून पुन्हा घट्ट बांधली आणि म्हणाले, "लांब राहून खेळ. जॅब सोडू नकोस." जॅब म्हणजे पुढच्या हाताचा सरळ, झटपट ठोसा. दुसऱ्या राउंडला त्याचा उजवा हुक, बाजूने वळून येणारा ठोसा, नाकावर बसला.

सर स्वतः राज्य पातळीवर खेळलेले. दिवसा नोकरी, संध्याकाळी साडेसहा ते नऊ एका खोलीत पोरांना शिकवणं, आणि वर्षातून दोनदा मैदानावर बाउट्स लावणं, असं त्यांचं आयुष्य. मंडपवाला, डॉक्टर, पोलिसांची परवानगी, वर्गणी सगळं त्यांच्याच डोक्यावर. त्या संध्याकाळी त्यांच्यातल्या बॉक्सरला कळत होतं की सहा किलो म्हणजे काय. प्रशिक्षकालाही कळत होतं. पण कार्यक्रम लावणाऱ्यासमोर भरलेल्या खुर्च्या होत्या. माजी बॉक्सर, प्रशिक्षक आणि प्रमोटर, म्हणजे लढती लावणारा, हे तिघं एकाच माणसात आले की हा पेच येतोच, आणि तो बॉक्सिंगच्या लिखित इतिहासाइतकाच जुना आहे.

कुस्तीत यासाठी आपल्याकडे नेमका शब्द आहे: जोड लावणं. जत्रेच्या फडात पंच दोन पैलवान समोरासमोर उभे करतात, उंची-वजन, वय, तालीम बघतात, आणि आजूबाजूची जाणती माणसं लगेच सांगतात की जोड तोडीस तोड आहे की नाही. न पटलेली जोड लोक लागूच देत नाहीत. वस्तादही आपल्या पठ्ठ्यासाठी नाही म्हणू शकतो, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. गिरणगावात साताऱ्या-कोल्हापूरकडून आलेल्या कामगारांनी तालमी उभ्या केल्या तेव्हा ही रीतही त्यांच्याबरोबर मुंबईत आली. बॉक्सिंगमध्ये जोड लावणाऱ्याची जबाबदारी त्याहून जड असते. कुस्तीत पाठ टेकली की संपतं. इथे डोक्यावर मार बसत राहतो आणि थांबवायचं कधी हे कुणीतरी बाहेरून ठरवावं लागतं.

इंग्लंडमध्ये जेम्स फिग या माणसाने १७१९ मध्ये लंडनला आपली शाळा काढली. तो तलवारबाजी आणि लाठीतला जास्त, मुठीतला कमी, तरी पहिला विजेता म्हणून नाव त्याचंच घेतात. खरा आपल्या विषयाचा माणूस त्याच्यानंतरचा, जॅक ब्रॉटन. हा टेम्स नदीवरचा नावाडी. १७३० मध्ये त्याने नावाड्यांची प्रसिद्ध डॉगेट्स कोट अँड बॅज शर्यत जिंकली होती, म्हणजे खांद्यांत आणि पाठीत ताकद वल्ह्यांची. तो मुठीने लढू लागला आणि बरीच वर्षं त्याला कुणी हरवू शकलं नाही.

१७४१ मध्ये जॉर्ज स्टीव्हन्सन या गाडीवानाशी त्याची लढत झाली. ती अर्धा तासाहून जास्त चालली. तेव्हा ना राउंड, ना ग्लव्ह्ज, ना वेळ. त्या लढतीतल्या माराने स्टीव्हन्सन पुढे दगावला. दोन वर्षांनी ब्रॉटनने लंडनमध्ये स्वतःचं प्रेक्षागृह उघडलं आणि १६ ऑगस्ट १७४३ रोजी तिथे सात नियम लागू झाले. पडलेल्या माणसाला मारायचं नाही. कमरेखाली धरायचं नाही. खाली पडलेल्याला अर्ध्या मिनिटात मधल्या रेषेवर आणून उभं करता आलं नाही तर तो हरला. आज पडलेल्या बॉक्सरसाठी रेफरी जी मोजणी करतो, ज्याला आपण 'काउंट' म्हणतो, त्याचं बीज या अर्ध्या मिनिटात आहे.

त्या सात नियमांतला एक नियम पैशाचा आहे, आणि मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. जमलेल्या रकमेतले दोन तृतीयांश जिंकणाऱ्याचे, आणि ही वाटणी स्टेजवर, सगळ्यांच्या देखत करायची, आतून कुणाचं कुणाशी काहीही ठरलेलं असलं तरी. हा नियम लिहिणारा माणूस स्वतः लढलेला होता म्हणूनच तो लिहू शकला. पडद्यामागे बॉक्सरच्या वाट्याचं काय होतं ते त्याने पाहिलेलं असणार. आणि आता प्रेक्षागृहाचा मालक तोच होता, म्हणजे तिकिटाचा पैसा त्याच्याच हातात येणार होता. स्वतःच्या हाताला त्याने स्वतःच दोरी बांधून घेतली.

प्रशिक्षक म्हणूनही त्याचं काम मोठं. १७४७ मध्ये त्याने हेमार्केटला शिकवणी सुरू केली आणि जाहिरातीत कबूल केलं की शिकणाऱ्यांना भरलेले मऊ हातमोजे दिले जातील, म्हणजे डोळा काळानिळा होणार नाही, जबडा मोडणार नाही, नाकातून रक्त येणार नाही. बॉक्सिंग ग्लव्ह्जची सुरुवात ती. लढतीत मात्र हात उघडेच राहिले. सरावाला गादी आणि पैशाच्या लढतीला नुसती हाडं, हा फरक पुढे शंभरहून जास्त वर्षं टिकला.

मग ११ एप्रिल १७५०. ब्रॉटन चाळिशी ओलांडलेला, मालक, शिक्षक, आणि तरीही स्वतःच रिंगणात उतरलेला. समोर जॅक स्लॅक नावाचा खाटीक. एक ठोसा दोन डोळ्यांच्या मधोमध बसला, डोळे सुजून बंद झाले आणि चौदा मिनिटांत लढत संपली. त्याचा आश्रयदाता ड्यूक ऑफ कंबरलँड याने त्याच्यावर प्रचंड पैसा लावला होता. तो बुडाला आणि ड्यूकची मर्जी गेली. प्रेक्षागृह बंद पडलं. ब्रॉटन त्यानंतर जवळपास चाळीस वर्षं जगला, जुन्या वस्तूंचा व्यापार केला, १७८९ मध्ये वारला आणि वेस्टमिन्स्टर ॲबीच्या आवारात पुरला गेला. स्लॅकबरोबरच्या त्या लढतीत त्याला थांबवणारं कुणी नव्हतं. लढणाराही तोच होता आणि दुकानही त्याचंच होतं.

१८६७ मध्ये मार्क्विस ऑफ क्वीन्सबेरीच्या नावाने नियम आले: ग्लव्ह्ज सक्तीचे, तीन मिनिटांचा राउंड, एक मिनिट विश्रांती, दहापर्यंत मोजणी. आपल्याकडे लष्कर, रेल्वे आणि मिशनरी शाळांच्या वाटेने जे बॉक्सिंग आलं ते हे.

मुंबई यात पहिल्यापासून आहे. १९२५ मध्ये बॉम्बे प्रेसिडेन्सी अमॅच्युअर बॉक्सिंग फेडरेशन स्थापन झालं आणि देशातली संघटित स्पर्धा याच शहरात सुरू झाली. १९४९ मध्ये राष्ट्रीय फेडरेशन झालं, आणि १९५० ची पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा ब्रेबॉर्न स्टेडियमवर झाली, क्रिकेटच्या मैदानावर. १९८० मध्ये आशियाई अजिंक्यपद स्पर्धा मुंबईत भरली. त्यात पंजाबच्या कौर सिंग यांनी हेवीवेटचं सुवर्ण घेतलं, आणि दोन वर्षांनी दिल्लीच्या एशियाडमध्येही. महाराष्ट्रातून मनोज पिंगळे आणि शाहूराज बिराजदार १९८८ च्या सोल ऑलिंपिकपर्यंत पोहोचले.

हे सगळं हौशी बॉक्सिंग. इथे प्रमोटर नावाचा माणूसच नसतो. सकाळी वजन, डॉक्टरची तपासणी, मग ड्रॉ, आणि जोड चिठ्ठीने ठरते. जिंकणाऱ्याला पदक, प्रमाणपत्र, आणि नशीब असेल तर लष्करात, रेल्वेत किंवा पोलिसांत नोकरी. पण वर्षातल्या दोन-तीन अधिकृत स्पर्धांत पहिल्याच फेरीत हरलेल्या पोराला तेवढ्याच बाउट्स मिळतात. बॅगवर कितीही घाम गाळा, समोरचा माणूस उलटा मारतो तेव्हाच गार्ड, म्हणजे चेहऱ्यासमोर धरलेले हात, खाली पडतोय हे कळतं. म्हणून आमच्या सरांसारखी माणसं स्वतः बाउट्स लावायला लागली. हौस म्हणून नाही, पैसा तर नाहीच. पोरांना लढायला मिळावं म्हणून. प्रमोटर हा शब्द त्यांनी स्वतःसाठी कधी वापरला नसेल, काम मात्र तेच होतं.

हेच काम व्यवसायात उतरलं की काय होतं याचं अमेरिकेतलं उदाहरण म्हणजे लू डुवा. जन्म १९२२, न्यूयॉर्क, घर इटलीतून आलेल्या स्थलांतरितांचं, पुढचं आयुष्य न्यू जर्सीत. तरुणपणी काही व्यावसायिक लढती लढला, नाव झालं नाही. ट्रकचा धंदा केला, जिम चालवली, पोरं घडवली. त्याने हाताशी धरलेला जोई जिआर्डेलो ७ डिसेंबर १९६३ रोजी अटलांटिक सिटीत डिक टायगरला हरवून मिडलवेटचा जगज्जेता झाला, तेव्हा डुवा एकेचाळीस वर्षांचा होता. १९७८ मध्ये वकील असलेल्या मुलाबरोबर, डॅनबरोबर, 'मेन इव्हेंट्स' ही कंपनी काढली. १९८१ ची शुगर रे लेनर्ड आणि टॉमी हर्न्स यांची गाजलेली लढत याच कंपनीची. १९८४ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकनंतर इव्हँडर होलीफिल्ड, पर्नेल व्हिटकर, मेल्ड्रिक टेलर, मार्क ब्रिलँड, टायरेल बिग्ज हे सगळे या घराकडे आले. घराची कंपनी लढत लावणार, घरचा म्हातारा बॉक्सरच्या कोपऱ्यात, म्हणजे दोन राउंडच्या मधे त्याला सल्ला द्यायला, उभा राहणार.

१७ मार्च १९९०, लास व्हेगास. मेल्ड्रिक टेलर विरुद्ध मेक्सिकोचा हुलिओ सेझार चावेझ, दोघेही अपराजित. टेलरचे हात विजेसारखे, गुण तोच जमवत होता. चावेझचे ठोसे कमी पण जड, आणि दर राउंडला टेलरचा चेहरा सुजत गेला. शेवटच्या राउंडआधी तीनपैकी दोन परीक्षकांच्या कागदावर टेलर इतका पुढे होता की उभा राहिला असता तरी जिंकला असता. कोपऱ्यातून त्याला सांगितलं गेलं की हा राउंड हवाच. तो मारामारीला गेला. शेवटची काही सेकंद उरली असताना चावेझच्या उजव्या हाताने तो खाली पडला, आठच्या आत उठला. रेफरी रिचर्ड स्टील यांनी त्याला विचारलं, ठीक आहेस ना? त्याच क्षणी डुवा रिंगच्या कडेवर चढत होता, टेलरची नजर तिकडे गेली, उत्तर आलं नाही, आणि स्टील यांनी लढत थांबवली, म्हणजे टेलर हरला. घड्याळात दोन सेकंद बाकी होते.

त्या दोन सेकंदांवर आजही वाद होतो. मला स्टील यांचं चुकलं असं वाटत नाही. टेलर त्या रात्री हॉस्पिटलमध्ये गेला, चेहऱ्याचं हाड मोडलेलं, बरंच रक्त पोटात गेलेलं, आणि त्यानंतर तो पूर्वीचा टेलर राहिला नाही. मी ती लढत बघतो तेव्हा माझं लक्ष शेवटच्या विश्रांतीच्या त्या एका मिनिटावर जातं. स्टुलावर बसलेल्या पोराच्या चेहऱ्याकडे बघून कुणीतरी वेगळं काही म्हणायला हवं होतं. डुवाचं आपल्या बॉक्सरांवर पोटच्या पोरांसारखं प्रेम होतं, त्यात शंका नाही. चौऱ्याहत्तराव्या वर्षी, ११ जुलै १९९६ ला, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रिडिक बो आणि डुवाचा बॉक्सर अँड्र्यू गोलोटा यांच्या लढतीनंतर दंगल उसळली तेव्हाही तो आपल्या बॉक्सरसाठी रिंगमध्येच होता. छातीत दुखू लागल्याने त्याला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. १९९८ मध्ये तो बॉक्सिंगच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे मानाच्या यादीत, गेला, २०१७ मध्ये चौऱ्याण्णवाव्या वर्षी वारला. प्रेम असूनही एका माणसाला एका मिनिटात बेल्ट (जेतेपदाचा पट्टा), धंदा आणि सुजलेला चेहरा असं तिन्ही बघावं लागतं, अडचण तिथे आहे.

अमेरिकेने २००० मध्ये मुहम्मद अली यांच्या नावाने कायदा केला. त्यात बॉक्सरचा मॅनेजर आणि लढतीचा प्रमोटर यांचे पैशाचे हितसंबंध एकमेकांत गुंतू नयेत अशी भिंत घातली, आणि लढतीतून आपल्याला किती मिळतं ते प्रमोटरने बॉक्सरला सांगायचं असं बंधन टाकलं. ब्रॉटनची 'सगळ्यांच्या देखत वाटणी' २५७ वर्षांनी वेगळ्या शब्दांत परत आली.

मुंबईत मोठं व्यावसायिक बॉक्सिंग दिसलं ते ५ ऑगस्ट २०१७ रोजी वरळीच्या एनएससीआय स्टेडियममध्ये. विजेंदर सिंगने चीनच्या झुल्पिकार मैमैतियालीला दहा राउंडनंतर गुणांवर हरवलं. डोकलामवरून भारत आणि चीनमध्ये तणाव चालू होता, आणि विजेंदरने जिंकलेला बेल्ट परत देऊ केला. प्रेक्षकांत बसलेल्या मला दुसरीच गोष्ट दिसत होती. लढत लावणारी कंपनी एका बाजूला, आणि कोपऱ्यात मँचेस्टरचे प्रशिक्षक ली बियर्ड, ज्यांचं काम फक्त त्या एका माणसाकडे बघणं.

लावणारा वेगळा आणि कोपऱ्यातला वेगळा, ही व्यवस्था आमच्या सरांनी त्याच्या कितीतरी वर्षं आधीच केली होती. माझ्या नाकानंतरच्या पहिल्याच कार्यक्रमात किराणा दुकानाचा काटा गेला आणि वजनासाठी एक जुना तराजू क्लबमध्ये आला. तीन किलोपेक्षा जास्त फरक निघाला की बाउट रद्द, मग पाहुणे कुणीही असोत. त्या संध्याकाळी दोन बाउट्स रद्द झाल्या, आणि सरांनी स्वतः माइकवर सांगितलं. स्वतःच्या कार्यक्रमात ते त्यानंतर कुठल्याच कोपऱ्यात उभे राहिले नाहीत. घंटा घेऊन टाइमकीपरच्या टेबलाशी बसायचे. आमच्या कोपऱ्यात एक जुना विद्यार्थी असायचा, रेल्वेत नोकरीला असलेला, खांद्यावर पांढरा टॉवेल टाकून. टॉवेल रिंगमध्ये टाकून लढत केव्हा थांबवायची ते त्याने ठरवायचं, सरांकडे न बघता.