स्क्रोलस्थान वाचन (जावास्क्रिप्ट)

वेबपृष्ठ किंवा त्यातला एखादा सरकणारा भाग मूळ जागेपासून किती सरकला आहे, ते अंतर म्हणजे स्क्रोलस्थान. ते सीएसएस पिक्सेलांत (वेबपृष्ठाच्या मांडणीतले मोजमापाचे एकक) मिळते. घटकासाठी स्क्रोलटॉप (उभे) व स्क्रोललेफ्ट (आडवे), तर संपूर्ण पानासाठी विंडोचे स्क्रोलवाय व स्क्रोलएक्स हे गुणधर्म वापरतात. पेजवायऑफसेट हे स्क्रोलवायचेच दुसरे नाव.

नेमके सरकते काय, हे आधी शोधावे. बाहेरच्या डिव्हला (इतर मजकूर सामावणारा घटक) पडद्याइतकी उंची आणि ओव्हरफ्लो ऑटो (मजकूर न मावल्यास तो आतच सरकू देणारी शैली) दिले असेल, तर पान नव्हे, तो डिव्ह सरकतो आणि स्क्रोलवाय कायम शून्य येते. त्यातच घटकावरचा स्क्रोल इव्हेंट (सरकल्याची सूचना) वरच्या घटकांकडे बबल होत नाही, म्हणजे पोचत नाही. लिसनर (ती सूचना ऐकणारे फंक्शन) त्याच घटकावर लावावा किंवा डॉक्युमेंटवर कॅप्चर टप्प्यात (सूचना बाहेरून आत जात असताना). पानाच्या आरंभी डॉकटाइप (पानाचा प्रकार सांगणारी ओळ) नसेल तर ब्राउझर क्वर्क्स मोडमध्ये (जुन्या पानांसाठीच्या पद्धतीत) जातो आणि पानाचे स्क्रोलटॉप एचटीएमएल घटकाऐवजी बॉडीवर मिळते. डॉक्युमेंटचा स्क्रोलिंगएलिमेंट (पान ज्यावर सरकते तो घटक) वाचला की ही भानगड उरत नाही.

‘तळ गाठला का’ ही तपासणी हमखास फसते. स्क्रोलहाइट (मजकुराची पूर्ण उंची) आणि क्लायंटहाइट (दिसणाऱ्या भागाची उंची) पूर्णांकात येतात, पण स्क्रोलटॉप अपूर्णांकातही येऊ शकते, विशेषतः पडद्याचे स्केलिंग १२५ टक्के वगैरे असताना. स्क्रोलटॉप व क्लायंटहाइट यांची बेरीज स्क्रोलहाइटइतकी असावी ही बरोबरीची अट मग कधीच पुरी होत नाही आणि तळाशी येताच लोड व्हायचा यादीचा पुढचा भाग लोड होत नाही. स्क्रोलहाइटमधून क्लायंटहाइट व स्क्रोलटॉप वजा करून बाकी १ किंवा त्याहून कमी आहे का, एवढेच पाहावे.

ऋण आकडा आला म्हणजे चूक झाली असे नाही. आयफोनवर पान वरच्या टोकापलीकडे ओढले की स्क्रोलवाय ऋण होते. उर्दू-अरबीसारख्या उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या मांडणीत स्क्रोललेफ्ट शून्यापासून ऋण दिशेला जाते. फ्लेक्सच्या (सीएसएसची एक मांडणीपद्धत) कॉलम-रिव्हर्स, म्हणजे खालून वर रचणाऱ्या मांडणीतल्या चॅटखिडकीत स्क्रोलटॉपचेही तेच.

गेटबाउंडिंगक्लायंटरेक्ट ही मेथड घटकाची जागा दृश्य चौकटीच्या संदर्भात देते. पानाच्या माथ्यापासूनचे अंतर हवे असल्यास तिच्या टॉपमध्ये स्क्रोलवाय मिळवावे.

शैली बदलून लगेच स्क्रोलटॉप वाचले, तर ब्राउझरला मांडणी तिथल्या तिथे पुन्हा मोजावी लागते. लूपमध्ये असे वारंवार झाले की पान अडखळते. म्हणून सगळी वाचने आधी, बदल नंतर. घटक दिसू लागला का, एवढेच हवे असेल तर स्क्रोलस्थान वाचूच नये, इंटरसेक्शनऑब्झर्व्हर (घटक दिसू लागल्याचे कळवणारी ब्राउझरची सोय) वापरावा.