‘माझी अँजिओ शून्य आली’

तलावपाळीला सकाळच्या फेरीत आमच्या काकांनी जाहीर केलं, "माझी अँजिओ झाली, शून्य आलं!" काका, अँजिओत शून्य येत नाही. शून्य येतं ते कॅल्शियम स्कोअरमध्ये. गोंधळ साहजिक आहे म्हणा. सीटीचं यंत्र तेच, टेबल तेच, छातीला चिकटवलेल्या ईसीजीच्या वायरीही त्याच.

कॅल्शियम स्कोअरला सुई टोचत नाहीत. हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत साचलेला चुना तेवढा मोजतात. तो हाडासारखा आपसूक पांढरा दिसतो. सीटी अँजिओत हाताच्या शिरेतून आयोडीनचं औषध सोडतात (अंगभर गरम लाट येते, घाबरू नये), म्हणून आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडं नीट चालतायत का, हे सांगणारी रक्तातली पातळी) बघतात. इथे रक्ताची वाटच दिसते, आणि भिंतीतला मऊ, चुना न धरलेला थरही. स्कोअरला तो थर दिसतच नाही.

दोन्हींची खरी अडचण एकच: हृदय थांबत नाही. ठाण्यात दहीहंडीचा फोटो काढलेल्यांना हे कळेल. थर हलत असताना सगळं पुसट येतं. वरचा गोविंदा क्षणभर स्थिरावला की क्लिक करायचं. हृदयही दोन ठोक्यांच्या मध्ये जरा विसावतं, ईसीजी तो क्षण दाखवतो. नाडी मंद तर विसावा लांब, म्हणून अँजिओआधी बऱ्याचदा ठोके साठच्या आसपास आणणारी गोळी देतात. १९८०च्या दशकातल्या अतिवेगवान सीटीत क्ष-किरणांची नळी फिरतच नसे, इलेक्ट्रॉनचा झोतच टंगस्टनच्या कड्यांवरून फिरवत. त्याच यंत्रावर आर्थर ॲगॅट्स्टन आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये स्कोअरची पद्धत मांडली. आजच्या दोन नळ्यांच्या यंत्रांत एक चित्र सुमारे ६६ मिलिसेकंदांत टिपता येतं.

गंमत अशी की स्कोअर जो चुना मोजतो, तोच अँजिओचं चित्र बिघडवतो. त्याची पांढरी चमक पसरते आणि वाहिनी आहे त्याहून अरुंद भासते. म्हणून स्कोअर फारच मोठा आला, तर काही डॉक्टर सरळ मनगटातून नळी घालून करायची जुनी अँजिओग्राफी सुचवतात.

तक्रार काहीच नसलेल्या माणसाला शून्य स्कोअर हा मोठा दिलासा असतो. पण काकांना येऊरच्या चढावर छातीत दडपतं, हे त्यांनी तपासणीच्या वेळी सांगितलंच नव्हतं. उद्या फाईल घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे जातायत.