कॅल्शियमच्या शोधात निघालेलं आम्ल

दख्खनचा काळा कातळ पुरता विरघळवायचा तर गंधकाम्ल कामाचं नाही. सोनं विरघळवणारं अम्लराजसुद्धा बेसॉल्टच्या भुकटीतला मोठा भाग तसाच सोडून देतं. या दगडाचा जवळजवळ निम्मा भाग सिलिका, म्हणजे वाळूतलंच द्रव्य, असतो आणि सिलिकाला हात घालणारं नेहमीच्या वापरातलं आम्ल एकच आहे : हायड्रोफ्लोरिक. प्रयोगशाळेत त्याला सगळे 'एचएफ' म्हणतात.

मी काही वर्षं खडकांच्या रासायनिक तपासणीच्या प्रयोगशाळेत काम केलं. पद्धत ठरलेली असायची. पिठासारखी बारीक दळलेली ५० मिलिग्रॅम भुकटी टेफ्लॉनच्या डबीत घ्यायची, त्यात थोडं एचएफ आणि नायट्रिक आम्ल घालायचं, झाकण घट्ट फिरवायचं आणि डबी रात्रभर हॉट प्लेटवर ठेवायची. सकाळी काळा कण दिसायचा नाही. मग फ्यूम हूडमध्ये, म्हणजे वाफा बाहेर खेचून घेणाऱ्या कपाटात, झाकण उघडून द्रव आटवला की सिलिका वायू होऊन निघून जायची. सहा-साडेसहा कोटी वर्षं टिकलेला दगड एका रात्रीत नाहीसा होतो, हे मला आजही नवलाचं वाटतं.

पहिल्यांदा डबी आटवली तेव्हा तळाला साय धरल्यासारखा पांढरा थर राहिला होता. मला वाटलं, दगड नीट विरघळला नाही. मॅडमनी डबी उजेडात धरून दाखवली. "दगड कधीच गेला. हे कॅल्शियम फ्लोराइड आहे. बेसॉल्टमधलं कॅल्शियम फ्लोरिननं धरून ठेवलंय. आता नायट्रिक घालून पुन्हा पुन्हा आटवत बस, तेव्हा कुठे सोडेल." आणि डबी खाली ठेवता ठेवता म्हणाल्या, "तुझ्या बोटावर सांडलं तर हेच तुझ्या बोटाच्या आत होईल."

या आम्लाबद्दल जे समजून घ्यायचं ते सगळं त्या पांढऱ्या थरात आहे.

आम्ल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येते ती जळलेली कातडी. गंधकाम्ल तसंच वागतं : पडल्या पडल्या भाजतं, माणूस ओरडतो, नळाकडे धावतो. एचएफची गोष्ट वेगळी आहे. रसायनशास्त्राच्या हिशेबानं पातळ एचएफ हे सौम्य आम्ल आहे, आणि खरा धोका याच सौम्यपणात आहे. हायड्रोजन आणि फ्लोरिन यांची जोडी पाण्यात सहजासहजी फुटत नाही. बराचसा रेणू अखंड राहतो. तो लहान असतो, त्याच्यावर विद्युतभार नसतो, त्यामुळे कातडीच्या स्निग्ध थरांतून तो सरळ आत झिरपतो. आत गेल्यावर जोडी फुटते आणि सुटं झालेलं फ्लोराइड, म्हणजे विद्युतभार असलेलं फ्लोरिन, कॅल्शियम शोधू लागतं. मॅग्नेशियमलाही ते सोडत नाही. पेशी मरतात, आणि नखाखाली किंवा बोटाच्या पेरात ते हाडापर्यंत पोचतं.

एक साधा हिशेब करून पाहा. प्रौढ माणसाच्या शरीरात रक्तद्रव साधारण ३ लिटर आणि त्याच्या दर १०० मिलिलिटरमध्ये ९-१० मिलिग्रॅम कॅल्शियम, म्हणजे सगळं मिळून जेमतेम ३०० मिलिग्रॅम. प्रयोगशाळेत येणारं एचएफ बहुधा ४८-४९ टक्क्यांचं असतं. त्याच्या एका मिलिलिटरमधलं सगळं फ्लोराइड कामाला लागलं तर ते अर्ध्या ग्रॅमहून जास्त कॅल्शियम बांधू शकतं. सांडलेलं सगळंच आत शिरत नाही, आणि हाडं आपल्या साठ्यातून रक्ताला कॅल्शियम पुरवत राहतात, हे खरं. पण हृदयाचा प्रत्येक ठोका रक्तातल्या कॅल्शियमवर चालतो. ते झपाट्यानं उतरलं की ठोक्यांची लय बिघडते. जखम मांडीवरची असते आणि माणूस जातो तो हृदय थांबून.

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे वेदना उशिरा येते. आम्ल ५० टक्क्यांहून तीव्र असेल तर लगेच आग होते. २० ते ५० टक्क्यांचं असेल तर १ ते ८ तासांनी, आणि त्याहून पातळ असेल तर दुखायला २४ तासही लागू शकतात. दुपारी उडालेला थेंब रात्री झोपेतून उठवतो. तोवर कातडीवर फारसं काही दिसलेलं नसतं.

१९९४ साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये एका छोट्या प्रयोगशाळेत जीवाश्म मोकळे करण्यासाठी खडक विरघळवण्याचं काम चाललं होतं. तंत्रज्ञाच्या मांड्यांवर ७० टक्के एचएफ सांडलं, सुमारे १०० ते २३० मिलिलिटर. म्हणजे फार तर पेलाभर. त्यानं पाण्यानं धुतलं, मग आवारातल्या पोहण्याच्या तलावात उडी घेतली आणि रुग्णवाहिका येईपर्यंत तिथंच थांबला. हातमोजे होते, पण अंगावर ॲप्रन नव्हता आणि जवळ कॅल्शियमचं मलम नव्हतं. सातव्या दिवशी पाय कापावा लागला. पंधराव्या दिवशी तो गेला. भाजलेला भाग शरीराच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी होता.

हे मलम म्हणजे कॅल्शियम ग्लुकोनेटची २.५ टक्क्यांची जेल. तिचं काम समजायला एकदम सोपं आहे : फ्लोराइडला कॅल्शियमच हवं ना, मग ते बाहेरूनच द्यायचं, म्हणजे शरीरातल्याला ते हात लावणार नाही. अंगावर एचएफ पडल्याची नुसती शंका आली तरी कपडे काढून ताबडतोब वाहत्या पाण्याखाली जायचं. जेल हाताशी असेल तर ५ मिनिटं धुऊन लगेच जेल चोळायला घ्यायची. नसेल तर मदत पोचेपर्यंत धूतच राहायचं. चोळणाऱ्यानं स्वतः हातमोजे घालायचे. बोटांवर सांडलं असेल तर हातमोज्यात जेल भरून त्यातच हात घालायचा. आणि दवाखान्यात पोचल्याबरोबर 'ॲसिडनं भाजलंय' एवढंच न सांगता 'हायड्रोफ्लोरिक ॲसिड' असं स्पष्ट सांगायचं, शक्य तर कागदावर लिहून न्यायचं. तिथं हृदयाचा आलेख आणि रक्तातलं कॅल्शियम तपासून, गरज पडली तर शिरेतून कॅल्शियम द्यावं लागतं.

वेदना थांबणं हीच उपचार लागू पडल्याची खूण असते. म्हणून हा प्रकार जाणणारे डॉक्टर जागा बधिर करायचं शक्यतो टाळतात. बधिर केलं तर आत फ्लोराइड अजून हिंडतंय की थांबलंय हे कळायचा मार्गच बंद होतो. कळवळणाऱ्या माणसाला हे निर्दयपणाचं वाटेल, पण त्या क्षणी वेदना हेच सगळ्यांत विश्वासाचं मोजमाप असतं.

आमच्याकडे कामाची सुरुवात हातमोज्यांपासून व्हायची. आत पातळ नायट्राइलचे, वर कोपरापर्यंत येणारे जाड निओप्रीनचे. वरच्या मोज्यात हवा भरायची, मनगटाशी पीळ देऊन फुग्यासारखा फुगवायचा आणि कानाशी नेऊन बोटं एकेक करून दाबायची. बारीकसा फुस्स आवाज आला की मोजा कचऱ्यात. एकदा अंगठ्याच्या टोकाशी असा आवाज आला. डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. मॅडमनी मोज्यात पाणी भरून उलटा धरला तेव्हा टोकाशी टाचणीच्या डोक्याएवढा थेंब जमला. त्यानंतर ही तपासणी मी कधी चुकवली नाही. एकट्यानं एचएफ हाताळायचं नाही, सुटीच्या दिवशी बाटली उघडायची नाही आणि आधी जेलच्या ट्यूबवरची तारीख वाचायची, हेही तितकंच पक्कं होतं. ट्यूब आहे पण मुदत उलटलेली, असं मी दोन ठिकाणी पाहिलं आहे आणि दोन्ही वेळा मला मनापासून राग आला. हजारो रुपयांचं आम्ल मागवणाऱ्यांना ट्यूबचा खर्च जड का व्हावा?

एचएफ काचेत ठेवत नाहीत, कारण काचही सिलिकाच. रसायनशास्त्रज्ञ कार्ल शेल यांनी १७७१ मध्ये फ्लोराइट नावाच्या खनिजावर गंधकाम्लाची क्रिया करून हे आम्ल तयार केलं तेव्हा त्यांचं काचेचं भांडंच खाल्लं गेलं होतं. आज ते पॉलिथिनच्या बाटलीत येतं. त्याची वाफही घातक असते. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये दक्षिण कोरियातल्या गुमी इथं हायड्रोजन फ्लोराइडची, म्हणजे पाण्याशिवायच्या एचएफची, गळती होऊन ५ जण दगावले आणि आसपासची शेतं करपली. शुद्ध हायड्रोजन फ्लोराइड १९.५ अंश सेल्सिअसलाच उकळतं. पुण्याच्या हिवाळ्यातली दुपारही त्याला पुरेशी आहे.

सांडलेल्या आम्लावर वाळू टाकायची सवय इथं उलटते. वाळू म्हणजे सिलिका, तिच्याशी क्रिया होऊन विषारी वायू सुटतो. खाण्याच्या सोड्यानं आंबटपणा मरतो, पण फ्लोराइड पाण्यात तसंच विरघळलेलं राहतं. इथं चुनाच हवा. त्यातलं कॅल्शियम फ्लोराइडला धरून खाली बसवतं.

हे सगळं प्रयोगशाळेपुरतंच आहे, असं समजू नका. गंज काढणाऱ्या, गाड्यांची चाकं आणि इमारतींचे दगड चकचकीत करणाऱ्या काही द्रावणांत एचएफ किंवा त्याचं क्षार-भावंड अमोनियम बायफ्लोराइड असतं. ही द्रावणं बहुधा पातळ असतात, म्हणजे उशिरा दुखवणारी. साफसफाई करणाऱ्या माणसाच्या हातात बिनलेबलची बाटली देणाऱ्यानं आत काय आहे हे आधी स्वतः वाचलेलं असावं. दिवसा अशा द्रावणात हात घातला आणि रात्री बोटांची नखं ठणकू लागली, तर घरगुती मलम लावून सकाळची वाट पाहू नये.

आमच्या प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात निळा प्लॅस्टिकचा पिंप होता. दिवसभरातलं टाकाऊ एचएफ, भरपूर पाणी मिसळून, सावकाश त्यातल्या चुन्याच्या निवळीत ओतायचं. निवळी गढूळ व्हायची, आणि दुसऱ्या दिवशी वर स्वच्छ पाणी आणि खाली पांढरा गाळ. गुजरातेत आंबाडुंगरला सापडणारं फ्लोराइट हे रासायनिकदृष्ट्या हेच, कॅल्शियम फ्लोराइड. शेल यांनी ज्या दगडातून आम्ल काढलं होतं तोच, भुकटीच्या रूपात, पिंपाच्या तळाशी जमत असायचा.