आधी बरे व्हा, मग नोकरी?

“आधी आजार बरा होऊ द्या, तोवर नोकरीसाठी केलेला खर्च पाण्यात.” पीटीएसडी, म्हणजे भयंकर प्रसंगातून गेल्यावर जडणारा मानसिक आजार, असलेल्या माजी सैनिकांबद्दल हे सर्रास ऐकू येतं. खरं नाही. अमेरिकेत माजी सैनिकांच्या १२ सरकारी वैद्यकीय केंद्रांत ५४१ जणांचा अभ्यास झाला; निष्कर्ष २०१८ मध्ये आले. १८ महिन्यांपैकी किमान निम्मा काळ खुल्या बाजारातली नोकरी टिकवणारे, आधी तात्पुरतं काम दिलेल्या गटात २३.३ टक्के, थेट नोकरी शोधून दिलेल्या गटात ३८.७.

अशी थेट नोकरी शोधून देणं स्वस्त नाहीच. हे काम करणाऱ्या एका सल्लागाराकडे वीस-पंचवीसच माणसं. तो मालकांना भेटतो, गोंगाट कमी असलेली जागा मागतो, रुजू झाल्यावरही विचारपूस करतो. पण त्याचा पगार धरायचा आणि सैनिकाची कमाई सोडायची, हा कुठला हिशेब?